बारा रंगांचा नमुना-ताणा: आकडेमोडीपासून पहिल्या चौकोनापर्यंत

प्रश्न असा आहे: चार शाफ्टचा, म्हणजे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा, हातमाग आहे, साध्या विणीचे दोन-तीन पंचे विणून झालेत. आता कपाटातल्या सुताचे सगळे रंग एकाच ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, भरून रंगांचा एक मोठा नमुना विणायचा आहे. पट्टे किती रुंद ठेवायचे, रंग कोणत्या क्रमाने लावायचे, किती सूत लागेल आणि इतके रंग भरताना गुंता कसा टाळायचा?

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. हे कापड म्हणजे तुमचा रंगांचा शब्दकोश आहे. वर्षानुवर्षं तुम्ही ते उघडून बघणार आहात की हा निळा उभा आणि हा केशरी आडवा घेतला तर दिसेल कसं. शब्दकोश खरा ठरायचा असेल तर त्यात फक्त रंग बदलला पाहिजे, बाकी काहीही बदलता कामा नये. सूत एकाच जातीचं आणि एकाच नंबरचं, इंचाला धागे तितकेच, वीण तीच. कपाटातले सगळे रंग म्हणून कुठे जाड सूत, कुठे रेशीम, कुठे लोकर असं मिसळलंत तर कापड सुंदर होईलही, पण एखादा चौकोन मळकट का दिसतोय, रंगामुळे की जाडीमुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय वेगवेगळी सुतं धुतल्यावर वेगवेगळी आकसतात आणि कापड पापडासारखं वाकडं होतं.

मी इथे आठ नंबरचं दुपदरी सुती सूत धरून हिशोब मांडतो. लेबलावर ते ८/२ किंवा २/८ असं लिहिलेलं असतं. तुमचं सूत वेगळं असेल तर पद्धत तीच, आकडे तेवढे बदला.

इंचाला किती धागे हे काढायला सूत पट्टीवर एक इंच गुंडाळा, फेरे एकमेकांना टेकलेले पण चढलेले नकोत. या सुताचे ३६ ते ४० च्या आसपास फेरे बसतात. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मे धरायचे, म्हणजे इंचाला २० धागे. ट्विलसाठी, म्हणजे दोन-दोन धाग्यांवरून उडी घेणाऱ्या तिरप्या विणीसाठी, दोन-तृतीयांश धरतात, पण हाच ताणा दोन्ही विणींना वापरायचा असल्याने २० वरच थांबू या. ट्विल किंचित सैल येईल, नमुन्याला ते चालतं.

आता पट्ट्यांचं गणित. बारा रंग, प्रत्येकाचे २४ धागे, म्हणजे २८८. दोन रंगांच्या मध्ये काळ्याचे २ धागे, अशा ११ जागा, म्हणजे २२. दोन्ही काठांना काळ्याचे ४-४, म्हणजे ८. एकूण ३१८ धागे. इंचाला २० ने फणीत, म्हणजे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यात, रुंदी आली १५.९ इंच. फणी इंचाला १० घरांची असेल तर घरात दोन-दोन धागे, एकूण १५९ घरं. प्रत्येक पट्टा सव्वा इंचाच्या जरा आत येतो. याहून अरुंद पट्टा घेऊ नका. अर्ध्या इंचाच्या चौकोनात डोळ्याला रंग धरता येत नाही, शेजारचाच रंग मध्ये घुसतो.

मध्ये काळं कशाला, असं अनेकजण विचारतात. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची मोठी चित्रं विणली जात. तिथे १८२४ मध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंगाईत काहीच खोट नव्हती. तो काळा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसला होता, म्हणून तसा दिसत होता. शेजारी बदलला की रंग बदललेला दिसतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. आपल्या नमुन्यात प्रत्येक चौकोनाला दोन काळ्या धाग्यांची चौकट मिळाली की सगळ्यांना शेजारी एकच मिळतो, आणि तुलना बरीच सरळ होते. पांढरी चौकटही चालते, पण तिच्यात रंग थोडे गडद वाटतात. पुढे तुमचं काम बहुतेक फिक्या रंगांत होणार असेल तर पांढरी घ्या.

लांबीचं बघू. साध्या विणीत बारा आडवे पट्टे विणायला साधारण १६ इंच, तेच ट्विलमध्ये पुन्हा १६, आणि १६ इंच मोकळे प्रयोगांसाठी. सुरुवात, शेवट आणि मधल्या जागा मिळून ६. झाले ५४. विणताना धागा वर-खाली होतो आणि नंतर आकसतो, त्यासाठी दहा टक्के, म्हणजे ६० च्या आसपास. मागच्या आणि पुढच्या रुळाला बांधण्यात जे वाया जातं त्यासाठी ३० इंच. एकूण ९० इंच, अडीच वार. प्रत्येक रंगाचे ताण्यात ६० वार आणि बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, ३० वार धरले तर ९० वार होतात. हे सूत पौंडाला ३३६० वार भरतं, म्हणजे रंगामागे जेमतेम १२ ग्रॅम. प्रत्येक रंगाचं २५ ग्रॅम हाताशी असेल तर निश्चिंत राहा. काळं मात्र वेगळं मोजा, ताण्यातच त्याचे ७५ वार जातात.

रंगांचा क्रम. रंगचक्राच्या क्रमाने लावा: पिवळा, पिवळट केशरी, केशरी, तांबूस केशरी, लाल, किरमिजी, जांभळा, निळसर जांभळा, निळा, हिरवट निळा, हिरवा, पोपटी. आडवा बाणाही याच क्रमाने घातला की कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या तिरप्या ओळीवर बारा शुद्ध रंग येतात, उरलेल्या १३२ चौकोनांत मिश्रणं. यात जोड्या ६६ च, कारण लालवर निळा आणि निळ्यावर लाल असे दोन्ही चौकोन येतात. ते दोन्ही नक्की शेजारी धरून बघा. तुमचा हात किती समतोल ठोकतो हे त्यांच्यावरून कळतं. दोन्ही सारखे दिसले तर उभे-आडवे धागे सारखे बसलेत. एकात बाण्याचा रंग जास्त उठून दिसत असेल तर तुम्ही हात्या, म्हणजे बाणा ठोकायची फणीची चौकट, जोरात मारताय.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. तिरप्या ओळीच्या लगतचे चौकोन शेजाऱ्यांच्या मिश्रणाचे, म्हणून उजळ राहतात. जसजसं लांब जाल तसे रंग विझत जातात, आणि सहा घरं लांब, म्हणजे चक्रावर अगदी समोरासमोरच्या रंगांपाशी, सगळ्यात करडे होतात. त्याच्याही पुढे, दूरच्या कोपऱ्याकडे, ते पुन्हा उजळू लागतात, कारण पिवळा आणि पोपटी चक्रावर परत शेजारी आलेले असतात. मागावर हे उलगडताना पाहिलं की रंगचक्र पाठ करावं लागत नाही.

आवडत नाहीत म्हणून रंग गाळू नका. मी माझ्या पहिल्या नमुन्यात पिवळट केशरी आणि पोपटी टाळले होते, कारण ते मला भडक वाटायचे. नंतर कळलं की निळ्या ताण्यात जीव आणायला नेमका तो पोपटीच लागतो. त्यासाठी पुन्हा एक ताणा लावावा लागला.

रंग पक्का आहे का हे आधी तपासा. लाल, काळा आणि गडद निळा यांचे हातभर तुकडे पांढऱ्या सुताबरोबर पिळून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पांढऱ्याला डाग लागला तर ते सूत आधी धुऊन काढा, नाहीतर बदला. पूर्ण विणून झाल्यावर पिवळ्यात लाल उतरला तर त्याला उपाय नाही.

आता ताणा भरणं. इथेच बहुतेकांचा गुंता होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

खुंट्यांच्या चौकटीवर आधी ९० इंचांची एक वेगळी दोरी लावून मार्ग ठरवा. सुरुवातीच्या खुंटीजवळ धाग्यांची फुली पाडा, म्हणजे जाताना एका खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून, येताना उलट. याच फुलीमुळे ३१८ धाग्यांचा क्रम शाबूत राहतो. शक्य असेल तर शेवटच्या टोकाजवळही दुसरी फुली पाडा, ती ताणा पसरवताना कामाला येते.

मी प्रत्येक रंगाचे २४ धागे घेतले, २५ नाही, आणि काळ्याचे २, एक नाही. याचं कारण खुंटीपाशी उभं राहिलं की लगेच समजतं. एकदा जाऊन परत आलं की दोन धागे होतात. संख्या सम असेल तर प्रत्येक रंग नेहमी सुरुवातीच्याच खुंटीपाशी संपतो. तिथे तो कापायचा, पुढच्या रंगाशी गाठ मारायची, आणि पुढे निघायचं. सगळ्या गाठी त्या एकाच टोकाला येतात, आणि ते टोक हेडलमधून, म्हणजे शाफ्टवरच्या धागा ओवायच्या डोळ्यांतून, ओवण्याआधी तुम्ही कापूनच टाकणार आहात. संख्या विषम ठेवली तर रंग लांबच्या टोकाला संपतो, गाठ तिथे बसते, आणि मागच्या रुळावर तो भाग वेडावाकडा होतो. काळा धागा मात्र दर वेळी कापू नका. तो त्याच खुंटीपाशी खाली सोडून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच उचला. फक्त तो पायात आणि इतर सुतात अडकत नाही याकडे लक्ष असू द्या. ताण्याच्या मध्ये सुताला मूळची गाठ आली तर ती तशीच जाऊ देऊ नका. मागे खुंटीपर्यंत या, कापा, आणि तिथून नव्याने सुरू करा.

प्रत्येक रंग पूर्ण झाला की फुलीपाशी मोजा आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सैल बांधून खूण करा. "नंतर एकदम मोजू" असं म्हणू नका. एक रंग २२ धाग्यांचा झाला तर फणीत सगळं पुढे सरकतं आणि चूक सापडायला तासभर जातो.

३१८ धागे एकाच वेळी भरू नका. धागे वाढतात तसा खुंट्यांवरचा ओढा वाढतो, खुंट्या आत झुकतात आणि शेवटचे धागे आखूड येतात. माझ्या बाबतीत हे एकदा झालं, तेव्हा हिरवा आणि पोपटी पट्टा विणताना सतत ताठ राहिले आणि बाकीचा ताणा त्यांच्यापुढे सैल पडला. मग मागच्या रुळापाशी कागदाच्या पट्ट्या सरकवत ते कापड कसंबसं पुरं केलं. म्हणून दोन भाग करा. पहिल्यात काठाचे ४, सहा रंग आणि मधले काळे, असे १५८ धागे. दुसऱ्यात सुरुवातीचा काळा जोड, उरलेले सहा रंग, मधले काळे आणि काठ, असे १६०. हाताचा ताण दोन्ही वेळा सारखा ठेवा, म्हणजे सूत सरळ राहावं पण तारेसारखं वाजू नये. जमल्यास दोन्ही भाग एकाच बैठकीत भरा. सकाळचा हात आणि रात्रीचा हात सारखा नसतो.

चौकटीवरून काढण्याआधी फुलीच्या चारही बाजू बांधा आणि ताण्याला दर वारावर घट्ट आवळा. मग सुरुवातीच्या टोकाकडून साखळी घालत काढा. दोन्ही साखळ्यांच्या पिवळ्याकडच्या कडेला खूण बांधायला विसरू नका. साखळी मागावर ठेवताना उलटली तर अर्धे रंग उलट क्रमाने येतात, आणि हे ओवणी झाल्यावर लक्षात येतं.

मागच्या रुळावर चढवताना दूरचं, न कापलेलं टोक रुळाच्या काठीत घाला. दाते असलेली पट्टी, जिला रॅडल म्हणतात, ती अर्ध्या इंचाच्या घरांची असेल तर प्रत्येक घरात १० धागे. रंग कुठे बदलतो त्याचा विचार करू नका, फुलीच्या क्रमाने दहा-दहा मोजत जा. १५.९ इंच मागाच्या मध्यावर आणायला मध्यापासून दोन्हीकडे आठ-आठ इंचांना जरा कमी. गुंडाळताना प्रत्येक फेऱ्यात जाड कागद किंवा पातळ काड्या घाला, नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात. धागे बोटांनी विंचरत बसू नका. ताणा उभा झटका, साखळी धरून मागे ओढा, सैल धागे आपोआप जागेवर येतात. विंचरल्याने उलट सैलपणा पुढे ढकलला जातो आणि शेवटी सगळा तुमच्या हातात गोळा होतो.

ओवणी सरळ: शाफ्ट १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४, शेवटपर्यंत. रंग बदलला म्हणून पुन्हा एकपासून सुरू करायचं नाही. बसण्याआधी हेडल मोजून घ्या, पहिल्या दोन शाफ्टवर ८०-८० आणि उरलेल्या दोनांवर ७९-७९ लागतील. आपल्या आकड्यांत एक पडताळा आयताच मिळतो. काठाचे ४ झाल्यावर पिवळा शाफ्ट १ वर सुरू होतो आणि ४ वर संपतो. मग काळे १ आणि २ वर, म्हणून पुढचा रंग ३ वर सुरू होतो. त्यापुढचा परत १ वर. म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम रंग नेहमी शाफ्ट १ वर सुरू होणार आणि सम रंग ३ वर. एखादा रंग २ किंवा ४ वर सुरू होताना दिसला की थांबा, चूक मागच्या २६ धाग्यांतच आहे. प्रत्येक पट्टा झाला की त्याची सैल सरगाठ मारून ठेवा.

फणीत दोन-दोन धागे घालताना काळा जोड नेहमी एका घरात एकत्र आला पाहिजे. एका घरात एक काळा आणि एक रंगीत दिसला तर घर सुटलंय किंवा एका घरात तीन गेलेत. एखादा धागा ओवायचा राहून गेला असेल तर सगळं उपसू नका, त्या जागी पक्क्या दोऱ्याचं हेडल शाफ्टला बांधून घ्या.

पुढच्या काठीला एक-एक इंचाचे झुबके बांधा. आधी सगळ्यांची अर्धीच गाठ, मग तळहात सपाट ठेवून ताण्यावरून फिरवा. डोळ्यापेक्षा तळहाताला सैलपणा लवकर कळतो. सगळीकडे सारखं लागलं की गाठी पूर्ण करा. मग टाकाऊ जाड सुताचे तीन फेरे न ठोकता घाला आणि तिन्ही एकदम ठोका, झुबक्यांमधल्या फटी मिटतात. असं दोन-तीनदा केलं की इंचभर पट्टी होते. ती पट्टी खालून-वरून नीट बघा. फणीतली आणि ओवणीतली प्रत्येक चूक इथे दिसते, आणि इथे ती दहा मिनिटांत सुधारते.

विणायला बसण्याआधी तेराही रंगांच्या कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बाण्याच्या नळ्या, भरून ठेवा. मध्येच उठून कांडी भरली की ठोकण्याची लय बदलते आणि ते कापडात उमटतं. साध्या विणीत शाफ्ट १-३ आणि २-४ आळीपाळीने, प्रत्येक रंगाचे २४ धागे, मग २ काळे. धोटा टाकल्यावर बाणा तिरका सोडून मग ठोका, नाहीतर काठ आत ओढले जातात. रंग संपला की इंचभर टोक त्याच फटीत वळवून घ्या. मागावर चौकोन अगदी नेमके आले तर कापड उतरवल्यावर ते थोडे बसके दिसतील, कारण ताणलेला ताणा सैल होऊन आखडतो. म्हणून मागावर ते किंचित उंच असू द्या.

ट्विलसाठी १-२, २-३, ३-४, ४-१ असे उचला. काठाचा शेवटचा धागा कधीकधी बाण्यात अडकतच नाही. तो हेडलमधून काढून फक्त फणीत ठेवा. धोटा आत जाताना त्याच्या वरून आणि बाहेर पडताना त्याच्या खालून न्या. ट्विलमध्येही उभा-आडवा रंग निम्मा-निम्माच असतो, पण धागा दोन-दोन धाग्यांवरून उडी घेत असल्यामुळे रंग एकमेकांत कमी मिसळतात. साध्या विणीत करडा झालेला लाल-हिरव्याचा चौकोन इथे पुन्हा दोन रंगांचा दिसू लागतो. उरलेल्या सोळा इंचांत एकेकच शाफ्ट उचलून बघा, वरच्या बाजूला तीन हिस्से बाणा आणि एक हिस्सा ताणा दिसेल, खालच्या बाजूला उलट. मग एक पट्टा नुसत्या करड्या बाण्याने, एक काळ्याने, एक पांढऱ्याने विणा. बारा भांडणारे रंग एका करड्या बाण्याने कसे गप्प होतात ते मी दर वेळी नव्याने बघत राहतो.

चित्रकलेची सवय असेल तर एक धक्का बसेल. पिवळ्या ताण्यात निळा बाणा घातला की रंगाच्या वाटीतला ताजा हिरवा मिळत नाही, करडसर मळका हिरवा मिळतो. वाटीत रंग एकमेकांत विरघळतात. कापडात ते सुटेच राहतात, आणि डोळा दुरून त्यांची सरासरी काढतो. उजळ हिरवा हवा असेल तर हिरवंच सूत घ्या, आणि त्याला शेजारच्या पोपटीची किंवा हिरवट निळ्याची साथ द्या. दुसरं म्हणजे रंगाचा फिकटपणा-गडदपणा बघायला शिका. मोबाईलवर सगळ्या लडींचा कृष्णधवल फोटो काढा. ज्या दोन लडी फोटोत सारख्याच करड्या दिसतात त्यांचे धागे कापडात एकजीव होतात, दुरून तिसराच रंग दिसतो. ज्यांच्यात फरक मोठा असतो त्यांचे ठिपके ठिपकेच राहतात. पिवळा-जांभळा आणि लाल-हिरवा हे दोन्ही समोरासमोरचे रंग, तरी त्यांचे चौकोन इतके वेगळे का दिसतात, ते या एका फोटोवरून कळेल.

उतरवल्यावर टोकं शिवून घ्या, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, दमट असतानाच इस्त्री करा. धुण्याआधी काही ठरवू नका, सूत फुलल्यावर चौकोनांचा रंग थोडा मऊ होतो. प्रत्येक रंगाचा नंबर आणि धाग्याचा तुकडा एका कार्डावर चिकटवून कापडाच्या कडेला टाचून ठेवा, कारण सहा महिन्यांनी कोणता लाल कोणता ते आठवत नाही. कापड कापून चौकोन सुटे करू नका. त्याऐवजी करड्या पुठ्ठ्यात एका चौकोनाएवढी खिडकी कापा आणि ती कापडावर सरकवत एकेक मिश्रण दिवसाच्या उजेडात बघा, आधी हातभर अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून.